केसाएवढ्या भेगेचं भूमिपूजन

सावद्याच्या केळीबागायतदाराला कुणी सांगून बघावं, की बाग पूर्ण करपू द्या, मग फवारणीचं बघू. तो सांगणाऱ्याला चहासुद्धा न विचारता बांधावरून परत धाडेल. करप्याचे ठिपके दिसले की खालची पानं कापून बागेबाहेर न्यायची, फवारा मारायचा, घड निसवला की पिशवी चढवायची, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. मात्र तीच केळी ट्रकमध्ये भरून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागली, की सगळं कृषिशास्त्र मागे राहतं. या डांबरी वावरात रोग पुरता पिकल्याशिवाय औषध मंजूर होत नाही.

डांबरालाही करपा पडतोच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. ऊन आणि हवेतला प्राणवायू मिळून डांबरातला तेलकट अंश खाऊन टाकतात. काळा रस्ता करडा पडतो, ठिसूळ होतो आणि एके दिवशी त्याला केसाएवढी भेग जाते. मृगाचं पाणी त्या भेगेतून खाली उतरतं. खाली तापीकाठची काळी माती, पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी. वरून खच्चून भरलेले केळीचे ट्रक. भेगांची जाळी होते, जाळीचे तुकडे निघतात आणि मग तो खड्डा जन्माला येतो, ज्याच्या बारशाला आपण सगळे दुचाकीसह हजर असतो.

यावर औषधं आहेत, आणि ती महागही नाहीत. भेग साफ करून, फुंकून, तिच्यात रबरमिश्रित डांबर भरायचं. रस्ता नुसता कोरडा पडला असेल तर पातळ इमल्शन फवारायचं. हो, चक्क फवारायचंच. त्याहून थोडा थकला असेल तर मायक्रोसरफेसिंग: पॉलिमरवालं इमल्शन, बारीक खडी, चिमूटभर सिमेंट आणि पाणी यांचा ४ ते ८ मिलीमीटरचा थर. भट्टी नको, धूर नको, दोनेक तासांत गाड्या सुरू. इंडियन रोड्स काँग्रेसनं त्याची पुस्तिकाच काढली आहे. ती कपाटात अतिशय सुस्थितीत असते. तिच्यावर एकही भेग नाही.

अट एकच, हे सगळं रस्ता चांगला असतानाच करायचं. पाया खचल्यावर वरून मलम लावून उपयोग नाही. अमेरिकी रस्ते अभियंत्यांचा एक जुना आलेख आहे: आयुष्याच्या पहिल्या ७५ टक्के काळात रस्ता ४० टक्के उतरतो आणि पुढच्या अवघ्या १२ टक्के काळात आणखी ४० टक्के. त्या उतारावर जो रुपया वाचवला, त्याचे पुढे सहा ते दहा मोजावे लागतात. आपल्याकडे हा आलेख नीट समजला गेला आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. कारण कुणाचा तरी एक रुपया म्हणजेच कुणाची तरी दहा रुपयांची निविदा.

कुठल्याही साहेबांकडे जा. "साहेब, रस्त्याला भेगा पडल्यात, पावसाआधी भरून घेता का?"

साहेब खिडकीतून बघतात. "रस्ता तर चांगला आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

"चांगल्या रस्त्यावर खर्च टाकला तर ऑडिटवाले काय म्हणतील? खड्डे पडले की अर्ज करा."

बाहेर टपरीवर थांबलेला दोस्त विचारतो, "काय भो, काय म्हने साहेब?" काय सांगणार? रस्ता अजून पात्र झालेला नाही.

ग्रामसडक योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते. आपले रस्ते याबाबतीत फार शिस्तीचे. काही तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत दम धरतात. उतावळे निघतात ते वेगळे.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यानं मात्र भलतंच करून ठेवलं. १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीनं तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि तो पुढे कित्येक दशकं बिनखड्ड्यांचा राहिला. त्या कंपनीला पुण्यात पुन्हा काम मिळालं नाही, असं सांगतात. मिळेल कसं? जो वैद्य रोग्याला पुन्हा येऊच देत नाही, त्याच्याशी बाकीच्या दवाखान्यांनी संबंध तरी का ठेवावेत! पुढे राज्य १५ डिसेंबर २०१७ पर्यंत खड्डेमुक्त करण्याची घोषणा झाली. तारीख वेळेवर आली.

खरी अडचण पैशांची नाहीच, फोटोची आहे. नव्या रस्त्याला नारळ असतो, कुदळ असते, फीत असते. न पडलेल्या खड्ड्यासमोर उभं राहून फोटो कसा काढणार? म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. यापुढे प्रत्येक भेगेचं रीतसर भूमिपूजन व्हावं. मंडप घालावा, भेगेच्या दोन्ही काठांना हार घालावेत, आणि चौकात बॅनर लागावा: 'भाऊंच्या अथक प्रयत्नांतून ४ मिलीमीटर रुंदीच्या भेगेचं काम मार्गी'. शेजारच्या वॉर्डातले दुसरे भाऊ लगेच सहा मिलीमीटरची शोधून काढतील. श्रेयावरून भांडणं होतील, पत्रकं निघतील आणि बघता बघता गावात भेग औषधालाही उरणार नाही. बॅनरचा खर्च इमल्शनपेक्षा जास्त येईल, हे खरं. तेवढी तरतूद एस्टिमेटमध्ये 'किरकोळ' या सदराखाली आधीच धरून ठेवावी. मंडप मात्र रस्त्यात खिळे ठोकून बांधू नये.