चिरंजीवांच्या छंदांची जमाबंदी

लफबरो, इंग्लंड
नारळी पौर्णिमेनंतरचा शनिवार

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र पोचले. सर्वांच्या खुशालीनंतर आपण जी पृच्छा केली आहे, की चिरंजीव कचेरीखेरीज आणखी काही करतात की अष्टौप्रहर कामालाच जुंपलेले असतात, आणि याचा खुलासा सुनेने स्वहस्ताक्षरात करावा असे जे लिहिले आहे, त्यावरून ह्यांनी फोनवर दिलेला जबाब आपणांस समाधानकारक वाटला नाही, असे दिसते. तो नामंजूर करण्यात आपण उचितच केले. मामलेदारीत हयात घालवलेल्या माणसाने खुद्द प्रतिवादीच्या बोलण्यावर विसंबून निकाल द्यावा, असे कोणत्याच कायद्यात नाही. तेव्हा डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिते.

काळजीचे कारण नाही. सायंकाळी साडेपाचला कचेरी सुटल्यावर ह्यांच्यामागे जी कामे लागतात ती पाहता, कचेरी हेच ह्यांचे विश्रांतिस्थान असावे, असा मला दाट संशय आहे. फ्रिजच्या दारावर 'समतोल जीवन' या मथळ्याचा एक तक्ता डकवलेला असून त्यात प्रत्येक छंदास वार, वेळ आणि स्वतंत्र रंग नेमून दिला आहे. कुटुंबासाठी रविवारी दुपारी दोन ते चार अशी वेळ राखून ठेवलेली आहे, पण तिच्यापुढे कंसात 'पाऊस असल्यास' असा शेरा आहे. सुदैवाने आम्ही इंग्लंडात राहतो.

आपल्या आवडीच्या विषयापासून, म्हणजे जमिनीपासून, आरंभ करते. भाजीपाला पिकवण्यासाठी येथील स्थानिक संस्था नागरिकांना वार्षिक खंडाने जमिनीचे लहान तुकडे देतात. त्यांना अलॉटमेंट म्हणतात, आणि मागणी असेल तेथे ते पुरवणे हे १९०८ च्या कायद्याने त्या संस्थांचे कर्तव्य ठरले आहे. परंतु कायद्याने कर्तव्य वाढते, जमीन वाढत नाही, त्यामुळे अर्जदारांची यादी लांबत जाते आणि आपला क्रम लागेपर्यंत आपण अर्ज कशासाठी केला होता याचेही विस्मरण होते. पूर्ण तुकडा परंपरेने दहा रॉडांचा असतो. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. आपला गुंठा तेहेतीस फूट चौरस. म्हणून चार चौरस रॉडांचा एक गुंठा, कारण दोन्ही मापे मोजणीदाराच्या त्याच सहासष्ट फुटी साखळीतून निघालेली आहेत. तात्पर्य, आपल्या चिरंजीवांच्या वहिवाटीस परदेशी बरोबर अडीच गुंठे, जुन्या दप्तराच्या भाषेत दोन गुंठे आठ आणे, जमीन आहे. हक्क मात्र कुळाचा, आणि तोही असा की कुळे मालक झाली त्या १९५७ च्या कृषक दिनासारख्या एखाद्या मंगल दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नाही. कसेल त्याची जमीन हे तत्त्व येथे उलट्या बाजूने पाळतात: न कसेल त्याची राहत नाही. तण माजले की अलॉटमेंटच्या समितीचे सभासद पाहणी करतात, नोटीस निघते, आणि मुदतीत साफसफाई न झाल्यास ताबा जातो. गेल्या मे महिन्यात तशी एक नोटीस आली. आपल्या सहीच्या नोटिसा वाचताना तालुक्यातील लोकांची मुद्रा कशी होत असेल, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पुढचे पंधरा दिवस आम्ही सहकुटुंब खुरपणी केली. त्या खुरपणीला समतोल जीवनाच्या तक्त्यात कोणताही रंग नव्हता.

पीक उत्तम आहे, हेच दुःख आहे. मेथी छान आली. कोथिंबीर उन्हाची चाहूल लागताच फुलावर गेली. बटाट्यांचा मोठा भाग शंख नसलेल्या गोगलगायींनी वसूल केला, आणि त्या वसुलीस विरोध करण्यासाठी स्वारी रात्री विजेरी व बादली घेऊन वाफ्यांतून फिरत असते. पण कोर्जेट नावाची, काकडीच्या रूपाची आणि भोपळ्याच्या गोत्राची जी भाजी आहे, तिला आमच्याकडे कोणताही प्राणी तोंड लावत नाही. तीन दिवस दुर्लक्ष झाले की बोटाएवढ्या फळाचा सोटा होतो. श्रावणात या गावी कोणी कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाही, आणि आणलेली वस्तू आपल्याकडे आधीच विपुल असल्याचे प्रत्येक गृहिणी सौजन्याने लपवते. हे उत्पन्न मुख्यतः कुळाच्या कुटुंबानेच खावे असा येथील कायद्याचा आशय असल्यामुळे बाजारात नेण्याचा मार्गही बंद. थालीपीठ, कोशिंबीर, भरडा भाजी, वड्या हे सर्व करून झाले आहे. आईंना आणखी काही सुचत असल्यास उलट टपाली कळवावे.

त्यांना हेही सांगावे की रुबार्ब म्हणून एक झाड आहे, त्याची पाने विषारी म्हणून खतात टाकायची, पण तांबूस देठ अंबाडीला मागे सारतील इतके आंबट असतात. इकडे त्यांत साखर घालून गोडाचे पक्वान्न करतात. मी हरभऱ्याची डाळ आणि कण्या आधी शिजवून घेतल्या, कारण हे देठ क्षणात विरघळतात. मग देठ व गूळ घालून वरून लसणीची चरचरीत फोडणी दिली. ती भाजी ह्यांनी दोनदा मागून घेतली आणि श्रेय जमिनीला दिले.

आता ह्यांचा दुसरा छंद, घंटा. हा परिच्छेद आईंना वाचून दाखवण्यापूर्वी चिरंजीवांनी धर्म बदललेला नाही, एवढे आपण कृपा करून सांगून टाकावे. इंग्लंडातील चर्चच्या मनोऱ्यांत पाच, सहा, आठ अशा मोठाल्या घंटा असतात. प्रत्येक घंटा दोरीने पूर्ण वर्तुळात फिरवली जाते आणि प्रत्येक दोरीमागे एक माणूस उभा असतो. ते गाणे वाजवत नाहीत. ते क्रम बदलतात. एका फेरीत प्रत्येक घंटा एकदाच वाजावी, पुढील फेरीत ती फार तर एक स्थान पुढे-मागे सरावी, आणि एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा येऊ नये. हे सर्व मुखोद्गत, समोर कागद नाही. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५०४०, आठांचे ४०३२०. हे आठांचे संपूर्ण प्रकरण आमच्याच गावच्या घंटांच्या कारखान्यातील मनोऱ्यात १९६३ साली आठ माणसांनी, दोरी दुसऱ्याच्या हाती न देता, सुमारे अठरा तासांत वाजवले होते. ह्यांना हे कळले त्या रात्री लीलावती बाहेर निघाली. कारण अंकांच्या अशाच उलटापालटीचा हिशेब भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, ग्रंथाच्या अखेरच्या अंकपाश प्रकरणात, सांगून ठेवला आहे. आपण चाळीसगावी नेमणुकीस असताना भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा पाटणचा शिलालेख ह्यांना दाखवला होता म्हणे. त्या सहलीचा प्रवासभत्ता सरकारने मंजूर केला असो वा नसो, तिचे फळ हे असे निघाले.

गणित अवगत असले तरी दोरी अवगत होत नाही. घंटा तोंड वर करून थोपवण्यासाठी तिच्या माथ्याशी एक लाकडी दांडा असतो. अधिक जोर लावला की तो मोडतो, दोरी छताकडे धाव घेते आणि तिच्यावर लोभ असलेला मनुष्यही तिच्यासमवेत जातो. ह्यांनी तो दांडा मोडला. दोरी सोडण्याचा हुकूम वेळेवर ज्या गुरूने दिला, ती शाळेत जाणारी, दोन वेण्या घातलेली मुलगी आहे. मी तेथे कोपऱ्यातील बाकावर बसून ऐकले आहे: हात ताठ, पायांकडे पाहू नका, इतक्या घाईने कुठे निघालात?

आपण पत्रात 'एक ना धड भाराभर चिंध्या' असे लिहिले आहे, त्याविषयी दोन शब्द लिहिण्याची आज्ञा व्हावी. पोटापाण्याच्या उद्योगास ती म्हण लागू आहे, पण फावल्या वेळेचा खटला तिच्या अधिकारक्षेत्रात येतो, असे मला वाटत नाही. कचेरीत ह्यांच्या हाताखाली बरीच माणसे आहेत आणि त्यांतील एकही ह्यांना चूक दाखवण्याच्या फंदात पडत नाही. असा मनुष्य घरी येऊन आमटीतील मिठावर अभिप्राय देऊ लागतो, हा अनुभव आईंना नसेल असे नाही. परंतु ज्या सायंकाळी त्या मुलीने ह्यांची यथासांग कानउघाडणी केलेली असते, किंवा शेजारच्या वाफ्यावरील वृद्ध गृहस्थाने ह्यांचे वाटाणे पाहून नुसतीच मान हलवलेली असते, त्या सायंकाळी स्वारी इतकी निवळलेली, इतकी जिज्ञासू आणि मृदुभाषी असते की मुले त्याच वेळी प्रगतिपुस्तके सहीला आणतात. ह्यांनी यांपैकी एकातही प्रावीण्य मिळवू नये, अशी माझी मनोमन प्रार्थना असते. ती बहुधा फळास येईल.

क्रिकेटचे फारसे लिहिण्यासारखे नाही. शनिवारी गावच्या तिसऱ्या संघाची गुणपुस्तिका ह्यांच्या हाती असते. सहाही चेंडू निर्धाव गेले की सहा टिंबे जोडून इंग्रजी एम काढतात, आणि तो सुबक निघाला की घरी येऊन दाखवतात. ह्यांच्या पेटीवादनाविषयी एवढेच की, आकाशवाणीने १९४० पासून काही दशके पेटीवर बंदी घातली होती, आणि त्या निर्णयामागील दूरदृष्टी मला हल्ली पटू लागली आहे.

आपण उभयतां मे महिन्यात येत आहात, ही गोष्ट तक्त्यात लाल शाईने लिहिली गेली आहे. गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे मनोऱ्याचा चिंचोळा गोल जिना आपण चढू नये. जमिनीवर मात्र अवश्य जावे. समितीची पाहणी त्याच सुमारास असते. पाहणीच्या वेळी आपण बांधावर नुसते उभे राहावे, कोणास काही विचारू नये आणि नकाशा मागू नये, अशी ह्यांची विनंती आहे. माझी तशी विनंती नाही.

मुलांचा आजी-आजोबांना नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली आज्ञाधारक
सून