किल्ली डब्यात, माणूस बेपत्ता

कोकणात किंवा गोव्यात जायचं ठरलं की आमच्याकडे पहिला वाद होतो तो राहण्यावरून. धाकट्यांना अख्खा बंगला हवा, थोरल्यांना हॉटेल. मी दोन्हीकडे राहून पाहिलंय आणि दोन्हींबद्दल माझी तक्रार आहे, बंगल्याबद्दल जास्त.

अ‍ॅपवर आधी दिसतो तो नुसता रात्रीचा भाव. पैसे भरायची वेळ आली की त्यावर साफसफाईचे पैसे आणि अ‍ॅपची फी चढते. एक रात्र राहा की पाच, साफसफाईचे पैसे बहुधा तेवढेच, म्हणजे शनिवार-रविवार गाठून जाणाऱ्या नोकरदाराला ते सगळ्यात जड. शिवाय फ्रिजवर नियम चिकटवलेले: निघताना भांडी घासून ठेवा, चादरी काढून बाथरूमपाशी ठेवा, ओला-सुका कचरा वेगळा करून गेटबाहेर न्या. साफसफाईचे पैसे आधीच घेतलेत, तर भांडी मी का घासायची?

घर घेतो ते स्वयंपाकघरासाठी. लहानग्याला मऊ भात, सासूबाईंना बिनसाखरेचा चहा, एवढीच गरज. कपाटात वाइनचे ग्लास ओळीने मांडलेले असतात आणि पातेलं एकच. गाळणी नाही, सांडशी नाही. गॅसचा लायटर पेटत नाही आणि काडेपेटी सापडत नाही. सुरीने टोमॅटो चिरला जात नाही, चेपला जातो. सांगायचं कुणाला? किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या डब्यात, मालक पुण्यात. रात्री लाईट गेली, पंप बंद पडला, टाकी रिकामी झाली आणि केअरटेकरला फोन लावला, तर ‘दादा, मी गावाला आलोय, सकाळी बघतो.’ म्हाताऱ्या माणसांना रात्रभर पाण्याविना ठेवून सकाळी बघण्यासारखं काय उरतं?

हॉटेलवाल्यांनी यावर खूश होऊ नये. दुपारी २ ला खोली द्यायची, सकाळी ११ ला काढून घ्यायची आणि २१ तासांना एक दिवस म्हणायचं, हा हिशेब मला मान्य नाही. रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने निघालेली मंडळी सकाळीच पोचतात आणि आजोबा दुपारपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर ताटकळत बसतात. प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स मागतात. पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार पुढे केलं की काउंटरवर कपाळाला आठ्या. बिलात आपणहून सर्व्हिस चार्ज लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तरी बिल वाचूनच पैसे द्यावे लागतात. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेही बिलात तपासून घ्यावं.

एवढं असूनही आईवडील बरोबर असले की मी बंगल्यापेक्षा हॉटेलच घेईन. रात्री दोन वाजता काउंटरवर कोणीतरी जागं असतं.

त्याहून चांगली सोय म्हणजे जिथे मालक त्याच वास्तूत राहतो ते घर. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेतली घरं अशी असतात; कोकणातल्या वेळासला कासवं बघायला जाणारे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. तिथे जेवायला किती माणसं ते आधी कळवावं लागतं, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, रात्री उशिरापर्यंत गाणी लावता येत नाहीत. हे नियम मला पटतात, कारण ते करणारी घरमालकीण स्वतः तिथे वावरत असते आणि पाणी गेलं तर तिच्याही घरातलं जातं.

तेव्हा बुकिंग करण्याआधी फोटोंच्या नादी लागू नका. फोन करा आणि एवढंच विचारा: रात्री दहानंतर जागेवर कोण असतं? एखाद्या माणसाचं नाव सांगितलं नाही, तर अ‍ॅडव्हान्स पाठवू नका.