कोरड्यावरचा कप्तान

कप्तान ओळखायचा तो पायांवरून. लंडनच्या हॅरोसारख्या उपनगरात नोव्हेंबरची भुरभुर चालू असते, मराठी मंडळी लोकरीचे मोजे चढवून दिवाळीच्या फराळाला जमलेली असतात, आणि हा पांढऱ्या तळाचे, चामडी नाडीचे बोटीवरचे बूट घालून येतो. बिनमोज्यांचे. दारात ते काढतही नाही. “याचा फरशीला डाग पडत नाही,” असं यजमानीणबाईंना सांगून सरळ चकलीकडे जातो. त्याची सहल पुढच्या जुलैत असते, बोट अजून ठरायची असते, आणि ग्रीसचा समुद्र तिथून दोनेक हजार किलोमीटर लांब असतो.

भूमध्य समुद्रात शिडाची बोट भाड्यानं घेऊन आठवडाभर बेटाबेटांतून हिंडायचं, हा मूळचा इंग्रज मध्यमवर्गाचा षोक. १९७० च्या दशकात ग्रीसच्या आयोनियन बेटांमध्ये नवशिक्यांच्या बोटींचा ताफा करून, पुढे एक जाणकार बोट ठेवून, सहली निघू लागल्या. ती लागण आता आपल्यापर्यंत पोचली आहे. घराचं कर्ज बरंचसं फिटलंय, आईवडिलांना स्वित्झर्लंड दाखवून झालंय, मुलं बापाशी बोलायची बंद झाली आहेत, अशा पंचेचाळिशीतल्या माणसाला ती हमखास होते. त्याच्यापुढे ‘क्रूझ’ हा शब्द काढू नये. “ती बोट नव्हे, तरंगतं हॉटेल,” असं म्हणून तो तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघतो.

आमच्याकडचा नमुना कऱ्हाडचा. पाण्याशी संबंध म्हणाल तर कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहायला शिकला, तेवढाच. पण “दर्या आपल्या रक्तात आहे, कान्होजी आंग्रे विसरलात?” असं तो विचारतो. कान्होजी कुलाब्याचे, हा घाटावरचा, मध्ये अख्खा सह्याद्री. रक्ताला घाट चढायला लागत नाही, हे त्यावरचं त्याचं उत्तर.

तरी त्याला दोष देणार नाही, कारण गडी शिकायला कमी पडत नाही. मार्चच्या थंडीत पाच दिवस सोलेंटच्या खाडीत बोट हाकून त्यानं रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘डे स्किपर’ पदरात पाडून घेतला. घरी आला तो प्रमाणपत्र आणि सर्दी घेऊन. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले आणि घरातली माणसं सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर दिशा यांच्यातला हिशेब पाठ करायला इंग्रजांकडे ‘कॅडबरीज डेअरी मिल्क, व्हेरी टेस्टी’ असा मंत्र आहे. तो हा आंघोळ करताना म्हणतो. पण त्याचं खरं प्रेम भरती-ओहोटीवर. सोलेंटमध्ये पाणी चार-चार मीटर चढतं-उतरतं, साउदॅम्प्टनला तर भरती दोनदा शिगेला पोचते. अमुक बंदरात अमुक वाजता तळाखाली किती पाणी राहील, याची गणितं तो रात्री एक-एक वाजेपर्यंत सोडवत असे. वहीच्या वही भरली. मग कुणीतरी रॉड हायकेल यांचं ग्रीक किनाऱ्याचं मार्गदर्शक पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. भूमध्य समुद्र जवळपास बंदिस्त. तिथली भरती बहुतेक ठिकाणी हातभरसुद्धा नसते. दोन दिवस घरात सुतकी वातावरण होतं.

वाऱ्यांनीही अशीच निराशा केली. एजियनमधला मेल्तेमी, एड्रियाटिकचा बोरा, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा मिस्त्राल, आफ्रिकेची धूळ घेऊन येणारा सिरोको, सगळ्यांची कुंडली त्यानं मांडली होती. ब्यूफोर्टच्या मोजपट्टीवर सातचा वारा आला तर शीड किती आखडायचं, हे तो झोपेत सांगेल. आणि जायचंय कुठं, तर आयोनियनमध्ये, जिथं उन्हाळ्यात एरवी सकाळी पान हलत नाही, दुपारनंतर वायव्येकडून चार-पाचचा वारा सुटतो आणि सूर्य मावळला की तोही घरी जातो. मेल्तेमी मिळावा म्हणून त्यानं एजियनचा आग्रह धरून पाहिला. बरोबर येणाऱ्या तिन्ही घरांतल्या बायकांनी एकमतानं तो हाणून पाडला.

दोराचा हातभर तुकडा कायम खिशात. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या खाली दोन्ही हात सारखे हलताना दिसतात ते त्यामुळे. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, पुन्हा बिळात जातो, झाली बोलाइन गाठ! ही कथा तो पाहुण्यांच्या लहान मुलांना सांगतो, मुलं ऐकून घेतात आणि सशाचं पुढं काय झालं ते विचारतात. रेडिओच्या परवान्याचा अभ्यास चालू होता तेव्हा वरच्या मजल्यावरून स्वयंपाकघरात फोन यायचा: “चहा झाला का? ओव्हर.” ‘ओव्हर अँड आऊट’ म्हणणारे लोक सिनेमातले, ‘ओव्हर’ म्हणजे आता तू बोल, ‘आऊट’ म्हणजे बोलणं संपलं, दोन्ही एकदम कसं होईल, हे त्यानं बायकोला नीट समजावलं होतं. ती “आऊट” म्हणून फोन ठेवायची.

त्याच्या बायकोचंही सांगायला हवं. बिनखलाशांची बोट भाड्यानं द्यायची तर ग्रीसमध्ये कप्तानाजवळ प्रमाणपत्र लागतंच, शिवाय बोटीवर दुसरा एक जाणकार माणूस लागतो. त्या दुसऱ्याकडे प्रमाणपत्र नसलं, तर आपल्याला अनुभव आहे असं त्यानं लिहून दिलेलं सहसा चालतं. ते हिनं लिहून दिलं. मग खोटं नको म्हणून कप्तानानं तिला अनुभव द्यायचं ठरवलं.

इंग्लंडात मोठी सुपरमार्केटं रविवारी चार-पाचला बंद होतात, त्यानंतर त्यांच्या पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं. भूमध्य समुद्रातल्या गावांत बोट धक्क्याला लावायची तऱ्हा वेगळी. नांगर समोर तीस-चाळीस मीटरवर टाकायचा, साखळी सोडत उलटं यायचं, आधीच लागलेल्या दोन बोटींच्या फटीत घुसायचं आणि मागची बाजू धक्क्याला बांधायची. तेही आडव्या वाऱ्यात, आणि धक्क्यावरच्या खानावळींत बसलेलं अख्खं गाव बघत असताना. सबब पार्किंगमध्ये ट्रॉल्यांच्या दोन रांगा म्हणजे दोन बोटी. कप्तान गाडी रिव्हर्समध्ये घालतोय, आणि बॉनेटपुढे ही धुण्याची दोरी हातात घेऊन वाव-वाव सोडतेय. “साखळी!” आतून आरोळी. “सोडतेय!” “किती?” “संपली!” वाऱ्याचं काम थोरल्या मुलाकडे होतं, त्यानं अधूनमधून गाडीला बाजूनं धक्का द्यायचा. तो लांब उभा राहून आपण या कुटुंबातले नाही असं दाखवत होता.

तेवढ्यात रखवालदार आला. म्हातारासा गुजराती गृहस्थ. “बेन, गाडी बगडी छे?” त्यानं हळूच विचारलं. कप्तान खाली उतरला आणि दहा मिनिटं बोलला: बोट मागं घेताना पंखा तिचं बूड एका बाजूला कसं ढकलतो, थोडा वेग आल्याशिवाय सुकाणू कसं ऐकत नाही, आणि मुख्य म्हणजे बोटीला ब्रेक कसा नसतो. रखवालदारानं सगळं ऐकून घेतलं. गाडीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. “तो गाडी लईने जाव ने,” तो म्हणाला.

जूनमध्ये खलाशांची सभा भरली. आम्ही तीन कुटुंबं. बोटीत आठजणांची सोय, म्हणजे चार खोल्या, प्रत्येक खोली कपाटाएवढी. कडक सुटकेस बंद, कारण रिकामी झाली की ती ठेवायची कुठं. कापडी पिशव्याच आणायच्या. टाक्यांत पाणी मोजकं, तेव्हा केस धुणं बंदरात. संडासात आधी खाल्लेलं नाही असं काहीही टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. हे त्यानं जेवणं चालू असताना वाचून दाखवलं. आमच्यातल्या एकीनं प्रेशर कुकर आणते म्हटल्यावर सगळे हसले, पण कप्तान गंभीर झाला: लांब पल्ल्याचे दर्यावर्दी कुकर नेतातच, झाकण घट्ट बसतं, लाट आली तरी वरण सांडत नाही आणि गॅस कमी लागतो. कुकर यादीत गेला. तूप मात्र अडलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत.

“तूप म्हणजे दूध नव्हे,” कुकरवाली म्हणाली.

“ग्रीक कस्टमला तसं सांगशील?”

“सांगेन की. कढवलेलं आहे म्हणावं.”

भारतीय पासपोर्टवाल्यांच्या व्हिसा अर्जात ‘मुक्कामाचा पत्ता’ म्हणून बोटीचं नाव लिहायचं की बंदराचं, यावर तासभर गेला. तोवर कप्तानाच्या आई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. कऱ्हाडहून त्या दोन महिन्यांसाठी आलेल्या. “आषाढात कुणी होडी पाण्यात घालतं का रे?” त्यांनी विचारलं. “कोळीसुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात.” त्यानं त्यांना भूमध्य समुद्राचा कोरडा उन्हाळा समजावला. मग सगळ्यांसमोर नकाशा उलगडला. पहिला दिवस, निद्री ते मेगानिसी बेटाचं वाथी. वाटेत स्कॉर्पिओस, जिथं १९६८ मध्ये ओनासिसनं जॅकलिन केनेडीशी लग्न लावलं. पुढं इथाका. ओडिसियसचं घर ते हेच, तिथं परतायला त्याला दहा वर्षं लागली, असं म्हणताना त्याचा आवाज जरा घोगरा झाला.

“रोज किती चालायचं?” आईंनी विचारलं.

“सरासरी दहा सागरी मैल. म्हणजे साडेअठरा किलोमीटर.”

आईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि मनाशी हिशेब केला.

“म्हणजे कऱ्हाडहून उंब्रज,” त्या म्हणाल्या. “मग मुक्काम कशाला करता रे? संध्याकाळी घरी यायचं.”