नेम चुकण्याचे फायदे

उंदराला गाव वसवायला सांगितलं असतं, तर त्यानं थोड्याफार फरकानं लोणी काळभोरच वसवलं असतं. एका अंगाला मुळा-मुठेचं पात्र, दुसऱ्या अंगाला खडकवासल्याचं पाणी आणणारा कालवा, मध्ये उसाचे फड, फडांना खेटून नव्या सोसायट्या, सोसायट्यांच्या खाली किराणा दुकानं, आणि हे सगळं जोडणारा पुणे-सोलापूर महामार्ग, ज्याच्या कडेच्या हॉटेलांचं खरकटं रात्री उशिरापर्यंत ताजं असतं. तेल कंपन्यांचे डेपो तेवढे त्यानं वगळले असते. कबुतरांचं मत घेतलं असतं तर त्यांनी इमारतींच्या डक्ट आणखी थोड्या रुंद मागितल्या असत्या. अशा गावात पोतं कुरतडलेलं दिसलं किंवा गॅलरीत विष्ठेचा थर साचला, की ‘एक छऱ्याची बंदूक घेऊनच टाकू’ हा विचार निघतोच. तो बहुधा घरातल्या पुरुषाच्या डोक्यातून निघतो आणि बहुधा रविवारी सकाळी निघतो. उंदीर हा रात्रीचा प्राणी आहे, ही गोष्ट त्या वेळी कुणाला आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ही बंदूक निवडणं आणि नीट लावून घेणं ही मोठी विद्या आहे, तिला शास्त्र आहे, शिस्त आहे. फक्त उंदीर-कबुतरांच्या बंदोबस्ताशी तिचा संबंध फार थोडा आहे. बंदोबस्त म्हणजे नको तो जीव नको त्या जागेपासून लांब राहणं. त्यासाठी त्याला काही लागलंच पाहिजे असं नाही. आपल्याकडे जोंधळा निसवला की शेतात माळा उभा राहायचा आणि माळ्यावर गोफण घेतलेला राखणदार. गोफणीचा गुंडा एखाद्या पाखराला लागला तर तो निव्वळ अपघात. राखणदारालाही त्याचं आश्चर्यच वाटत असणार. गोफणीचा फटकारा आणि मागोमाग दिलेली हाळी यांनी थवा उठला की काम झालं. म्हणजे शेकडो वर्षं हे हत्यार चुकण्याच्या जोरावरच टिकून आहे. नेम लागला, तर एक पाखरू कमी होतं. नेम चुकला, तर अख्खा थवा शेजारच्या शेतात जातो, आणि राखणीच्या शास्त्रात शेजारच्या शेताला फार महत्त्व आहे. छऱ्याची बंदूक नेमकी याच्या उलट दिशेला सुधारत गेली. ती हळू वाजते आणि अचूक लागते. एक कबूतर पडतं, बाकीची पाच मिनिटं घिरट्या घालून परत येतात, आणि आता दाणे खाणारं एक तोंड कमी झालेलं असतं.

तरीही निवड कशी करायची ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. घेणारा दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती लांब मारते?’ दुसरा प्रश्न नसतो. वास्तविक आपल्या कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची हवेची बंदूक परवान्याशिवाय मिळते. वय अठरा पूर्ण हवं आणि ओळखीचा, पत्त्याचा पुरावा हवा. २० ज्यूल म्हणजे किती, तर दोन किलोचा वरवंटा मीटरभर उंचीवरून पायावर पडावा एवढी ताकद. फरक इतकाच, की इथे ती अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या दाण्यात भरलेली असते. हा दाणा डमरूच्या आकाराचा असतो: कंबर बारीक, मागचा घेर पोकळ. चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन हवा दाबतो, हवा डमरूचा घेर फुलवून त्याला नळीच्या आट्यांत घट्ट बसवते आणि बाहेर काढते. या गडबडीत बंदूक आधी मागे धक्का देते आणि पिस्टन तळाशी आपटला की पुढेही देते. हा दुहेरी धक्का दाणा नळीतून बाहेर पडण्याआधीच सुरू झालेला असतो. म्हणून स्प्रिंगची बंदूक आवळून धरणाऱ्याचा नेम बिघडतो आणि तळहातावर सैलसर ठेवणाऱ्याचा सुधारतो. साधी दुर्बीण बसवली तर या पुढच्या-मागच्या हिसक्यांनी ती काही दिवसांतच आतून खिळखिळी होते. बंदुकीपेक्षा दुर्बिणीवर जास्त खर्च झाल्याची उदाहरणं या छंदात नवलाची नाहीत.

लावण्याचं काम तर संसारासारखं आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन बंदुकांना दोन वेगवेगळ्या वजनाचे छरे मानवतात, आणि कोणाला काय मानवतं हे कळायला सगळे आणून प्रत्येकी दहा-दहा झाडून बघण्याशिवाय उपाय नाही. चपट्या तोंडाचे कागदाला सुबक गोल भोक पाडतात म्हणून लाडके. गोल तोंडाचे लांबवर सरळ जातात. टोकदार दिसायला भयंकर आणि बरेचदा वागायलाही. स्क्रू धक्क्यांनी सैल होतात, म्हणून नेम अचानक बिघडला की आधी स्क्रू पाहावेत आणि मग नशीब. तेल द्यावं, पण पिस्टनच्या कोठीत नाही. तिथे तेल गेलं तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं, अगदी डिझेल इंजिनासारखं. नळीतून धूर निघतो आणि आवाज दुप्पट होतो. जिथे रस्त्याच्या कडेला इंधनाचे टँकर रांगेनं उभे असतात, त्या गावात खांद्याला डिझेल इंजिन लावून फिरणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेनं पाहतील हे सांगायला नको. शिवाय दाणा सरळ रेषेत जात नाही. सेकंदाला २०० मीटर वेगानं निघालेला दाणा २५ मीटरवर पोचेपर्यंत नळीच्या रेषेखाली जवळजवळ नऊ सेंटीमीटर उतरलेला असतो. दुर्बीण नळीच्या वर बसते, म्हणून अगदी जवळून मारलं तरी तो खालीच लागतो. म्हणजे नजरेची रेषा आणि दाण्याची वाट दोनच ठिकाणी एकमेकांना भेटतात. उंदरानं या दोहोंपैकी एका ठिकाणी येऊन थांबावं, अशी अपेक्षा असते.

हे जमणारच नाही असं नाही. महाराष्ट्रानं ते जगाला करून दाखवलं आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर ही नावं हवेच्या रायफलीमुळेच घरोघरी पोचली, आणि २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. पण त्या खेळातल्या अटी पाहा. अंतर नेमकं दहा मीटर, हवा बंदिस्त, अंगात ताठ कापडाचं जाकीट, आणि समोर अर्ध्या मिलिमीटरचा मधला ठिपका, जो जागचा हलत नाही, अंधारात निघत नाही आणि पोत्यामागे दडत नाही. एवढ्या सोयी मिळाल्या तरी तिथवर पोचायला रोजच्या सरावाची वर्षं जातात. आपल्या शिकाऱ्याचा सराव बहुधा जत्रेतल्या फुग्यांवर झालेला असतो, आणि तिथली बंदूक तर फुगेवाल्यानं आपल्या पोटापाण्याच्या हिशेबानं लावलेली असते.

धरून चालू की नेम बसला. तरी गणित उरतंच. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः संसाराला लागतात. कबुतराची जोडी एका वेळी दोनच अंडी घालते, पण वर्षातून अनेकदा घालते. एका रविवारी दोन याप्रमाणे मारणारा माणूस या प्रजेची फार तर जनगणना करत असतो. मुंबई महापालिकेनं हे काम पगारी माणसांवर सोपवून पाहिलं आहे. तिच्या कीटकनाशक खात्यातले रात्रपाळीचे मूषक संहारक हातात काठी आणि विजेरी घेऊन गल्लीबोळांत फिरतात, आणि एका रात्रीत तीस उंदीर मारून दाखवणं हे त्यांच्या नोकरीचं माप आहे. ध्यानात घ्या, काठी! ज्यांचं पोट उंदीर मारण्यावर चालतं, त्यांनी दुर्बीण मागितलेली नाही. तीसच्या तीस भरून देणारी ही माणसं वर्षानुवर्षं राबत आहेत, आणि मुंबईत उंदीर आहेतच.

कायद्याकडे वळलं की चुकण्याचे फायदे थोडे कमी होतात, हे प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात मारण्याचा प्रयत्नसुद्धा येतो. गोफणवाल्याला पाखरू उडवायचंच असतं, म्हणून तो सुटतो. पोपटावर बंदूक रोखून चुकलेला मात्र लागलेल्याच्याच रांगेत उभा राहतो. याच कायद्याला पूर्वी एक पाचवं परिशिष्ट होतं. त्यात उपद्रवी म्हणून कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशीची भावकी अशी मोजकीच मंडळी होती. म्हणजे ज्या कावळ्याची आपण पितृपक्षात गच्चीवर हात जोडून वाट पाहायचो, तो उरलेलं वर्ष सरकारदप्तरी उपद्रवी असायचा. २०२२ च्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच गेलं आणि १ एप्रिल २०२३ पासून नवी व्यवस्था लागू झाली. तेव्हा ‘कावळ्याला मारलं तर कुठे काय होतं’ असं पारावर सांगणारे जाणकार जुना कायदा सांगत असतात. लोणीपुरतं सांगायचं तर इथलं पोलीस ठाणंही २०२१ साली पुणे ग्रामीणमधून शहर आयुक्तालयाकडे गेलं. गावात बंदूक घेऊन फिरणारा माणूस शेताकडे निघालेला असतो. शहरात तोच माणूस चौकशीचा विषय होतो.

यावर कोणी म्हणेल, विलायतेत शेतकरी सर्रास छऱ्याच्या बंदुकीनं उंदीर आणि रानकबुतरं मारतात, मग आपणच का कुरकुर करायची? मारतात, हे खरं. तिथेही ताकदीला मर्यादा आहे, आपल्याहून थोडी कमीच, म्हणजे सुमारे सोळा ज्यूल. पण तिथल्या शेतकऱ्याच्या नेमाच्या मागे त्याचंच शिवार असतं. आपल्या कबुतराच्या मागे दुसऱ्याची गॅलरी असते, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या असतात, आणि साड्यांच्या मागे वहिनी असतात. चुकलेला दाणा शेकडो मीटर जातो. तो कुठे थांबला याची बातमी मात्र लगेच परत येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. विष घालण्यापेक्षा किंवा डिंकाच्या फळीवर उंदीर तडफडत ठेवण्यापेक्षा डोक्यात नेमका बसलेला छर्रा दयेचा नाही का? आहे, आणि यावर माझ्याकडे चलाख उत्तर नाही. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरतं, ही त्यात आणखी भर. पण ‘नेमका बसलेला’ या दोन शब्दांवर सगळी दया उभी आहे, आणि वर पाहिलं तसं तेच दोन शब्द सगळ्यांत महाग आहेत. अर्धवट लागलेला उंदीर बिळात जाऊन मरतो आणि पुढचा आठवडा सबंध घराला स्वतःची आठवण करून देतो. इथे गव्हाणी घुबडाची आठवण होते. त्याचे दोन्ही कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे काळोखातसुद्धा निव्वळ खुडबुडीवरून ते उंदराची जागा हेरतं. त्याला दुर्बीण नको, छरा नको, ओळखपत्र नको. शेतात हेच काम दिवसा धामण करते. आपण घुबडाला अपशकुनी म्हणून हुसकतो, धामणीला साप म्हणून ठेचतो, आणि त्या दोघांची रिकामी झालेली जागा भरायला चार-पाच हजारांची बंदूक घेतो.

बंदुकीचा एक गुण मात्र मानायला हवा, आणि तो दुकानदार कधी सांगत नाही. ती माणसाला गप्प बसवते. नेम साधायचा म्हणून गडी रात्री कोठीघरात दिवा मालवून दोन तास हालचाल न करता बसतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दिसतं, की उंदीर दाराखालच्या बोटभर फटीतून येतो, भिंतीच्या कडेकडेनं जातो आणि बाजरीच्या ज्या पिंपाला झाकण नाही तिथेच थेट चढतो. गॅलरीत टेहळणी करताना कळतं, की कबुतरं पलीकडच्या गच्चीवर रोज सकाळी सांडल्या जाणाऱ्या ज्वारीसाठी येतात आणि राहायला आपल्या डक्टमध्ये येतात. हा सगळा तपास आहे, आणि तो पूर्ण होईपर्यंत चाप ओढण्याची गरज पडलेली नसते. फट सिमेंटनं बुजते, डक्टला जाळी बसते, पलीकडच्या काकूंशी बोलता येतं. हे शेवटचं काम तेवढं अवघड, पण त्यालाही परवाना लागत नाही.

तेव्हा बंदूक घेतलीच असेल, तर विकू नका. दहा मीटरवर कागद लावा, मागे विटांची भिंत आहे आणि भिंतीपलीकडून वाट जात नाही हे दोनदा पाहा, बंदूक सैल धरा आणि पोरांना मागे उभं करा. कागद संपले, की उठून बाजरीच्या पिंपावर झाकण आहे का, तेवढं बघून या.