सहा गठ्ठ्यांचे काका

काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि येताना सहा गठ्ठा पद्धत घरी घेऊन आले. निर्णयासाठीचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे आणि नष्ट करायचे. सरकारी टेबलावरचे हे गठ्ठे आता त्यांच्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर फोल्डर होऊन बसलेत. वाण्याचं बिल 'नियतकालिक'मध्ये, काकूंच्या भिशीचा हिशेब 'प्रतीक्षाधीन'मध्ये. पुतणीचं लग्न बरीच वर्षं 'निर्णयासाठी'त पडून होतं. लागल्यावर फोटोंसकट अभिलेख कक्षात गेलं.

तरी डिस्क भरलीच. कारण कुठलाही कागद एकाच ठिकाणी ठेवणं काकांच्या लेखी बेजबाबदारपणा. 'सातबारा', 'सातबारा नवीन', 'सातबारा नवीन फायनल', 'सातबारा हाच खरा' अशी बिऱ्हाडं सहाही गठ्ठ्यांत नांदत होती. शेवटी मुलाने ड्युपगुरू टाकून दिलं. फुकटचं सॉफ्टवेअर, सारख्या फायली हुडकून देतं. नावावर जायचं नाही, मजकूर पाहायचा असं सांगता येतं. मग ते आधी आकार बघतं. आकार जुळला की आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा ताडतं. तोही जुळला की नाव बदललेली फाईलसुद्धा सापडते. काका खूश झाले. असा एक माणूस कचेरीत असता तर, म्हणाले.

पण यादी आली आणि गाडं अडलं.

"यातली मूळ कोणती?"

"बाबा, दोन्ही सारख्याच आहेत."

"सारख्या असतील रे. मूळ कोणती ते विचारतोय."

ज्याने आयुष्यभर नकलांवर 'खरी नक्कल'चा शिक्का मारला, त्याला दोन कागदांत सेवाज्येष्ठताच नाही हे पटायचं कसं? काकांनी स्वतः चौकशी लावली. विंडोजमध्ये फाईल कॉपी केली की नव्या प्रतीला निर्मितीची तारीख आजची मिळते, बदलाची मात्र जुनीच राहते. काकांनी ते बरोबर पकडलं. "सुधारणा 2014ची आणि जन्म 2021चा? आधी जन्मदाखला दुरुस्त करून आणा म्हणावं." खरं तर या मुद्द्यावर मला काकांचंच म्हणणं रास्त वाटतं.

लग्नाच्या फोटोंनी तर कहर केला. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून बारीक झालेला असतो, त्यामुळे मजकूर ताडून तो मूळ फोटोचा जुळा ठरत नाही. त्यासाठी चित्रांचं साम्य पाहणारी वेगळी सोय वापरावी लागते. तिने लागोपाठ काढलेले दोन ग्रुप फोटोही एकाखाली एक आणून ठेवले. एकात काकूंचे डोळे मिटलेले.

"अहो, तो आधी काढून टाका!"

"कशाला? हजर असल्याचा पुरावा आहे."

तरी काही फायली काढल्याच, नाही असं नाही. त्या रिसायकल बिनमध्ये गेल्या. पण बिन रिकामं करायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे. नष्ट करायचे कागद 'ड' वर्गात मोडतात आणि 'ड' वर्ग वर्षभर जपायचा असतो. म्हणजे डिस्कवर जागा तेवढीच, फक्त फायलींची बदली झाली.

मग काकांना 'रेफरन्स'चा शोध लागला. एखादं फोल्डर रेफरन्स म्हणून नेमलं की त्यातल्या फायलींना सॉफ्टवेअर हात लावू देत नाही. मूळ प्रतींच्या संरक्षणासाठी आहे ते. काकांनी सहाही गठ्ठे रेफरन्स केले आणि पुन्हा शोध लावला. काढण्याजोगं काहीच उरलं नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअर तरी काय दाखवणार? एकही डुप्लिकेट नाही!

काकांनी चष्मा पुसला, पडद्याचा स्क्रीनशॉट काढला, त्याला 'निरंक अहवाल' असं नाव दिलं आणि एक प्रत स्थायी आदेशात, एक अभिलेख कक्षात लावून टाकली.