स्पंजाचं बियाणं

बदनापुरात स्पंज म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो गादीतला, नाहीतर रसगुल्ल्याचा. समुद्र इथून तीनशेएक किलोमीटर, आणि आमची दुधना नदीही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघालेली. स्पंज हा प्राणी आहे, हेच मुळात पारावर कुणाला पटायचं नाही. त्याच्या नऊ हजारांवर जातींपैकी बहुतेक समुद्रातच राहतात. जेमतेम अडीचशे गोड्या पाण्यात आल्या. त्यांतल्या एकीची राहणी मात्र अगदी मराठवाड्याची आहे.

तिचं नाव युनापियस कार्टेरी. हेन्री जॉन कार्टर नावाचे इंग्रज डॉक्टर मुंबईत नोकरीला होते. त्यांना रोग्यांच्या जोडीने तळ्यांचाही नाद. मुंबईच्या तळ्यांतल्या स्पंजांवर त्यांनी १८४९ साली लेख छापला. ती तळी पुढे बरीचशी बुजवली गेली, लेख राहिला.

दगडाला चिकटलेला भोकाभोकांचा गोळा, एवढंच या स्पंजाचं रूप. तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही. मेंदूही नाही, पण त्यावाचून बऱ्याच जणांचं चाललेलं आपण पाहतोच. बारीक छिद्रांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले जिवाणू टिपायचे, मोठ्या भोकातून बाहेर सोडायचं. आवर्तन चोवीस तास चालू. पाळीवरून भांडण नाही, रात्री-अपरात्री मोटार लावायला उठणं नाही.

खरी गंमत तळं आटतं तेव्हा. स्पंज बिऱ्हाड हलवत नाही, हलवताही येत नाही. तो अंग सुकू देतो आणि मागे खसखशीहून बारीक, टणक कवचाचे गोळे ठेवतो. प्रत्येकात जिवंत पेशींची शिदोरी. उन्हाळा ते तसेच काढतात. पाणी आलं की कवचाच्या तोंडातून पेशी बाहेर सरकतात आणि नवा स्पंज धरतो. दुष्काळात अर्धपोटी झोपून बियाण्याच्या पोत्याला हात न लावणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

कार्टरांचा मान म्हणून स्पंजांचे अभ्यासक बोवरबँक यांनी १८६३ साली या जातीला त्यांचं नाव दिलं. मान मोठा खरा, पण गोड्या पाण्यातल्या स्पंजाला वास येतो, आणि तो काही अत्तराचा नव्हे. त्यापेक्षा आमचं बरं. इथल्या संशोधन केंद्राने गावाची आद्याक्षरं तुरीच्या वाणाला दिली: बीडीएन ७११. वरणाला निदान वास तरी चांगला येतो.