न पाहिलेल्या चित्रपटावर ठाम मत कसं बनवावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

चित्रपट पाहून मत बनवणं कोणालाही जमतं. तिकीट काढायचं, अडीच तास बसायचं, मध्यंतरात खिशाला न परवडणारे पॉपकॉर्न घ्यायचे, की झालं. खरी कसोटी लागते ती मुहूर्ताचा नारळही फुटलेला नसताना, ‘अमुक भूमिकेत तमुक’ एवढ्याच बातमीवर निकाल देताना. ही मार्गदर्शिका अशा होतकरू जाणकारांसाठी आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. असलंच तर ते सध्या बाजूला ठेवावं.

साहित्य

एक नट, एक भूमिका आणि त्या भूमिकेचं डोक्यात आधीच बसलेलं एक चित्र. पहिल्या दोन वस्तू निर्माता पुरवतो. तिसरी आपापल्या घरून आणायची. प्रयोगातला सगळा जाळ तिसऱ्या वस्तूतून निघतो, त्यामुळे ती विसरू नये.

पायरी १: डोक्यातलं चित्र तपासा

बातमी वाचताच लिहायला बसू नका. आधी स्वतःला विचारा, ही भूमिका आपल्या मनात कोण करतंय? चंद्रकांत मांढरे यांनी भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’त महाराज साकारले, आणि एका पिढीसाठी महाराजांचा चेहरा ठरून गेला. २००८ पासून ‘राजा शिवछत्रपती’ मालिका पाहत वाढलेल्यांना अमोल कोल्हे दिसतात. २०२० चा ‘तान्हाजी’ पाहिलेल्यांच्या कानात शरद केळकरांचा आवाज असतो. एकाच घरात, एकाच जेवणाच्या वेळी, असे तीन महाराज नांदू शकतात. चौथ्या नटाचं नाव जाहीर झालं, की त्या घरात वर्षानुवर्षांत पहिल्यांदा एकमत होतं: ‘हा नाही!’

यातून निघणारा नियम वहीत लिहून ठेवा. डोक्यातलं चित्र जितकं पक्कं, तितकी बातमी मोठी. चित्रच नसेल, तर बातमीही नाही. २००० साली ‘हेरा फेरी’त बाबूराव गणपतराव आपटे या अस्सल मराठी इसमाची भूमिका परेश रावल या गुजराती नटाकडे गेली. त्याविरुद्ध महाराष्ट्र पेटून उठला नाही, कारण बाबूराव कसा दिसतो हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. मे २०२५ मध्ये परेश रावल तिसऱ्या भागातून बाहेर पडल्याची बातमी आली तेव्हा मात्र देशभर सुतक पडलं. २५ कोटींच्या कायदेशीर नोटिशीपर्यंत प्रकरण गेलं. जूनमध्ये ते परतले आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. चित्रपटाचं चित्रीकरण बाकी, कथा कोणाला माहीत नाही, आणि तरी प्रेक्षकांनी विरह व पुनर्मीलन असे दोन अंक पाहून घेतले, तेही फुकटात.

पायरी २: आक्षेप निवडा

आक्षेप चार प्रकारचे असतात: वय, रूप, उच्चार आणि मागचा चित्रपट. नवशिक्यांनी वयापासून सुरुवात करावी. त्याला फक्त वजाबाकी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये महेश मांजरेकरांनी ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची घोषणा केली आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेसाठी अक्षय कुमारचं नाव पुढे आलं. चित्रपटातली नेसरीची लढाई १६७४ ची, म्हणजे महाराज ४४ वर्षांचे. अक्षय कुमार ५५. वजाबाकी ११. इथे सामान्य विद्यार्थी थांबतो.

हुशार विद्यार्थी मागची भिंतही पाहतो. डिसेंबरात त्या भूमिकेची पहिली झलक आली आणि लोकांना झुंबरात विजेचे दिवे दिसले. एडिसनचा दिवा यायला नेसरीनंतर दोनशे वर्षं जायची होती. नटाविषयीचा वाद एका रात्रीत झुंबरावर गेला. म्हणून लक्षात ठेवा, नट पटला नसेल तर नजर आपोआप तीक्ष्ण होते. तोच नट आवडता असता, तर झुंबराकडे कोणी मान वर करून पाहिलं नसतं.

‘मागचा चित्रपट’ हा आक्षेप परदेशात जास्त विकसित झाला आहे. विनोदी भूमिका करणाऱ्या मायकल कीटनला बॅटमन केल्यावर वॉर्नर ब्रदर्सकडे सुमारे ५० हजार निषेधपत्रं गेल्याचं सांगतात. त्या काळी पत्राला पाकीट आणि तिकीट लागायचं, म्हणजे या लोकांची निष्ठा पाहा. १९८९ मध्ये चित्रपट आला आणि धो धो चालला. २००६ मध्ये जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजरचं नाव आलं, तेव्हाही ‘ब्रोकबॅक माउंटन’मधला हळवा गुराखी जोकर कसा होणार, म्हणून नाकं मुरडली गेली. ‘द डार्क नाइट’साठी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. या उदाहरणांनी खचून जाऊ नका. आक्षेप चुकला म्हणून आक्षेप घेणाऱ्याला कोणी जाब विचारल्याची नोंद नाही.

पायरी ३: निर्मात्याच्या चाली ओळखा

निर्माता आपल्यापेक्षा भोळा असतो, हा गैरसमज काढून टाका. त्याच्याकडे प्रामुख्याने दोन चाली असतात.

पहिली, नाव झाकून ठेवणं. ‘नायिका कोण, हे अद्याप गुलदस्त्यात’ हे वाक्य मराठी मनोरंजन पानांवर वर्षभर फुललेलं असतं. विश्वास पाटलांच्या कादंबरीवरच्या ‘चंद्रमुखी’ची जाहिरात सुरू झाली तेव्हा चंद्राचा चेहरा असाच लपवला होता. प्रत्येकाने मनात आपापली चंद्रा नाचवून पाहिली, आणि मग अमृता खानविलकर समोर आली. या चालीत प्रेक्षकाला नकार देण्याऐवजी अंदाज बांधायच्या कामाला लावतात. अंदाज बांधणारा माणूस चिडत नाही. बरोबर ठरला तर फुशारून जातो, चुकला तर ‘हीही चालेल’ म्हणतो.

दुसरी चाल जास्त मुरब्बी आहे: जुन्या चित्राला मानाने नव्या घरात बोलावणं. नितेश तिवारींच्या ‘रामायण’मध्ये राम रणबीर कपूर आहे. पण १९८७ च्या मालिकेतले अरुण गोविल ज्यांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसलेत, त्या प्रेक्षकांचं काय? तर गोविल या चित्रपटात दशरथ आहेत. जुन्या रामाने नव्या रामाला मुलगा मानलं, आता आपण कोण बोलणार? हाच शहाणपणा २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त होता. १९६७ च्या नाटकातले खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, हे समीकरण पुसणं अशक्य. पडद्यावर सचिन पिळगावकर आले, पण त्यांच्यासाठी गायले राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. डोळ्यांची तक्रार कानांनी मिटवली.

दक्षता

प्रयोग करताना एक काळजी घ्यावी: चर्चेला तिकीटविक्री समजू नये. बातमीखाली भांडणारे सगळे थिएटरात येतात असं मानणाऱ्या निर्मात्यांनी बरीच कर्जं फेडली आहेत. भांडण फुकट असतं आणि घरबसल्या करता येतं. थिएटरात जायला रिक्षा, रांग आणि शुक्रवार संध्याकाळ लागते.

याची उलट बाजू पाहायची तर ‘सैराट’ घ्या. अकलूजची रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही नावं जाहीर झाली तेव्हा ना वाद, ना वजाबाकी. आक्षेप घ्यायला कोणाकडे मोजपट्टीच नव्हती. उत्सुकता आली ती नंतर, अजय-अतुलच्या गाण्यांतून, आणि प्रदर्शनाच्या महिनाभर आधी रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाल्यावर. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट लागला आणि त्याने मराठी चित्रपटाच्या कमाईचं गणितच बदललं. ‘नायिका आर्ची कोण करणार?’ हा प्रश्न आधी कोणालाच पडला नव्हता. आता कोणी पुन्हा ‘सैराट’ करू म्हणालं, तर मात्र पहिला प्रश्न तोच येईल, आणि उत्तर काहीही आलं तरी ते आपल्याला मान्य नसेल.

पायरी ४: प्रदर्शनाच्या दिवशी

नट उत्तम निघाला, तर म्हणा, ‘त्याच्यात ते होतंच, दिग्दर्शकाने बाहेर काढलं.’ वाईट निघाला, तर म्हणा, ‘मी तेव्हाच म्हणालो होतो.’ चित्रपट न पाहताही दोन्ही वाक्यं चालतात.

प्रगत विद्यार्थ्यांनी मात्र पुढच्या फेरीची तयारी ठेवावी. १९७८ चा ‘डॉन’ अमिताभ बच्चनचा. २००६ मध्ये शाहरुख खान आला, तेव्हा अमिताभची सर त्याला येणार का, हा सवाल होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तिसऱ्या भागासाठी रणवीर सिंहची घोषणा झाली आणि लोक ओरडले, शाहरुखशिवाय डॉन कसला! काल ज्याचा कागद तपासला जात होता, तोच आज सातबाऱ्यावर मालक म्हणून लागला.

स्वाध्याय

१. तुमच्या डोक्यातले शिवाजी महाराज कोणी बसवले: नटाने, मालिकेने की चौथीच्या पुस्तकाने? (एका वाक्यात)

२. फरक स्पष्ट करा: चित्रपटाविषयीची उत्सुकता आणि आपलं चित्र शाबूत राहील ना, ही धास्ती.

३. आज ज्या नटाला तुम्ही नाकारलंत, त्याच्याच नावाने वीस वर्षांनी नव्या नटाला कसं नाकाराल, ते सोदाहरण लिहा. (या प्रश्नाला गुण नाहीत. तो सरावाने सगळ्यांनाच जमतो.)